प्रार्थनेखालचा सूर: लॅपटॉपवरून उपासनेत कीबोर्ड वाजवणं आणि ते रेकॉर्ड करणं

चर्चमध्ये पाळक प्रार्थना सुरू करतात तेव्हा मी उजवा हात मांडीवर ठेवते आणि डाव्या हाताने दोनच सूर धरते, षड्ज आणि पंचम. गंधार मुद्दाम टाळते. गंधार लागला की मेजर की मायनर हे ठरून जातं, आणि प्रार्थनेनंतर कोणतं गीत सुरू होईल हे त्या घडीला गाणं चालवणाऱ्यालाही पक्कं माहीत नसतं. तानपुऱ्यासारखा तो आवाज शब्दांच्या खाली पसरून राहतो. असतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, तुटला की मात्र सगळ्यांचे डोळे उघडतात.

माझ्या हातून तो एकदा तुटला. चार्जरची पिन निसटली होती, बॅटरी उतरत गेली आणि लॅपटॉप प्रार्थनेच्या मधोमध बंद पडला. प्रार्थना करणारी बाई आपल्या आजारी मुलासाठी मागत होती, ती वाक्य अर्धवट सोडून थांबली. त्यानंतर मी माझी सगळी मांडणी नव्याने केली आणि प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारत गेले: वाजवताना यासाठी मला स्क्रीनकडे बघावं लागेल का? लागत असेल, तर ती गोष्ट बदलायची. चौदा वर्षं मी मंडळीत कीबोर्ड वाजवते आहे, त्यातली आठ लॅपटॉपवरून. खाली जे लिहिते आहे ते त्या आठ वर्षांतलं.

आवाज कुठे तयार होतो

लॅपटॉप जोडला की कीबोर्डचा स्वतःचा आवाज वापरायचा नसतो. कीबोर्ड फक्त मिडीचे संदेश पाठवतो: कोणती पट्टी दाबली, किती जोरात, केव्हा सोडली. ही भाषा १९८३ पासून चालत आली आहे आणि तिच्यात दाबण्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत जातो. प्रत्यक्ष आवाज लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर बनवतं, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला यूएसबीने जोडलेली ध्वनीची डबी) तो बाहेर काढतो, तिथून डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरच्या लांब वायरला जुळवून देणारी पेटी) मिक्सरकडे.

सॉफ्टवेअर दोन थरांचं असतं हे सुरुवातीला मला कुणी सांगितलं नव्हतं. एक थर म्हणजे वाद्यं, म्हणजे पियानो, पॅड (सलग पसरून राहणारा मऊ आवाज), ऑर्गन. दुसरा थर म्हणजे ती वाद्यं सांभाळणारा, पॅच (जुळवून साठवलेला आवाज) बदलणारा, पेडल कुठे जोडायचं ते ठरवणारा यजमान. मॅक असेल तर यजमान म्हणून मेनस्टेज घ्या, ते लाइव्ह वाजवण्यासाठीच बनवलेलं आहे आणि त्यात वाद्यंही सोबत येतात. विंडोजवर कँटाबिले किंवा गिग परफॉर्मर. गिग परफॉर्मर दोन्हीकडे चालतं, मी तेच वापरते. क्लिक (कानात वाजणारा तालाचा ठोका) आणि आधी तयार केलेले ट्रॅक लावून गाणारी मंडळी एबलटन लाइव्हकडे वळतात, आणि त्या कामासाठी ते बरोबरच आहे. पण ट्रॅक लावत नसाल, तर त्याचा पसारा कशाला?

वाद्यांसाठी सुरुवातीला पैसे खर्च करू नका. सॅलॅमँडर ग्रँड हा यामाहा सी५ पियानोचा मोफत सॅम्पल संच आहे, म्हणजे खऱ्या पियानोच्या सुरांची रेकॉर्डिंग. त्यात घेतलेल्या सुरांचे १६ जोर रेकॉर्ड केलेले आहेत, आणि तो स्फोर्झांडो या मोफत प्लेयरमध्ये उघडतो. पॅडसाठी सर्ज एक्सटी, तेही मोफत. पुढे लॅपटॉप जुना असल्यामुळे मी पियानोटेक घेतलं. त्यात सॅम्पल नसतात, पियानोचा आवाज गणिताने जागच्या जागी घडवला जातो. त्यामुळे गिगाबाइटमध्ये मोजावे लागणारे संच मेमरीत भरायची गरज पडत नाही.

तीन आवाज, एक पेडल

पहिल्या वर्षी माझ्याकडे चाळीसच्या वर पॅच होते, गाण्यागणिक वेगळे. गाणं चालवणाऱ्याने ठरलेला क्रम मोडून मधेच जुनं गीत धरलं की मी यादीत शोधत बसायचे आणि पहिलं कडवं निघून जायचं. आता माझ्याकडे तीन आवाज आहेत: पियानो, पॅड, ऑर्गन. जवळजवळ सगळी उपासना एकाच पॅचवर होते, ज्यात पियानो आणि पॅड एकत्र आहेत. हा पॅच कसा बांधायचा ते सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं याच्यापुढे दुय्यम आहे.

पियानो आधी कोरडा करा. सॉफ्टवेअरमधले तयार पियानो रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावूनच येतात, हेडफोनवर सुंदर वाटतात, आणि सभागृहात गेले की तिथल्या भिंतींचा घुमारा त्यात मिसळून सगळा चिखल होतो. रिव्हर्ब निम्म्याहून कमी करा. मग व्हेलॉसिटी कर्व्ह बसवा, म्हणजे किती जोराने दाबलं की कोणता आकडा जावा ते ठरवा. आपला नेहमीचा मध्यम स्पर्श ६० ते ८० च्या दरम्यान पडायला हवा, म्हणजे हळुवार वाजवायलाही जागा उरते आणि शेवटच्या कडव्यात जोर लावायलाही. हे बसवायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात पियानो जितका सुधारतो तितका महागडा संच विकत घेऊनही सुधारत नाही.

पॅडचा अटॅक (आवाज पूर्ण भरायला लागणारा वेळ) दीड-दोन सेकंदांचा ठेवा आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) त्याहून लांब, चार-पाच सेकंद. दोन कॉर्डच्या मधला सांधा त्यानेच झाकला जातो. पॅडला २०० हर्ट्झच्या खाली लो-कट लावा, म्हणजे त्याखालचा खर्ज कापून टाका. बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झवर बोलते, तिच्या राज्यात पॅडने पाय ठेवू नये. बास वाजवणारा नसेल त्या दिवशी हा कट काढायचा, म्हणून तो एका बटणावर ठेवा. पॅड फक्त मधल्या ‘सा’च्या खालच्या दोन सप्तकांत वाजू द्या, नाहीतर उजव्या हाताने वाजवलेल्या धुनेचा प्रत्येक सूर पॅडमध्ये उमटतो आणि मागे राहतो.

आता पेडल. सस्टेन पेडल (सूर धरून ठेवणारं) पियानोला, एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करणारं) फक्त पॅडला. टाच खाली म्हणजे नुसता पियानो, बोटं खाली म्हणजे पूर्ण पॅड. पेडलने पॅडचा नुसता आवाज वाढवू नका, त्यासोबत फिल्टरही थोडा उघडा. आवाज आणि उजळपणा एकत्र वाढला की गाणारे लोक आपोआप मोठ्याने गातात, हे मी अनेकदा बघितलं आहे. पॅडचा आवाज पियानोपेक्षा कधीच वर जाणार नाही अशी वरची मर्यादा यजमान सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाका. मग भावनेच्या भरात पेडल पूर्ण दाबलं तरी गायकांवर पॅड चढत नाही.

एक्स्प्रेशन पेडल विकत घेताना वेगवेगळ्या कंपन्यांची आतली वायरिंग वेगळी असते हे ध्यानात ठेवा. टाच खाली असूनही आवाज पूर्ण येत असेल किंवा मधेच उडी मारत असेल, तर दोष बहुतेक तिथे असतो. पेडलवर उलटवायचा स्विच असला तर तो बदलून पाहा. सस्टेन पेडलची गंमत वेगळी: बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल कोणत्या स्थितीत आहे ते पाहून त्यालाच ‘सोडलेलं’ समजतात. म्हणून कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. ठेवलात तर सगळं उलटं होतं, पाय उचलला की सूर धरून राहतात.

ऑर्गनबद्दल थोडक्यात. पहिले तीन ड्रॉबार (ऑर्गनच्या आवाजाचे थर कमी-जास्त करणाऱ्या दांड्या) पूर्ण ओढलेले, बाकी सहा आत, एवढ्यावर माझं भागतं. फिरत्या स्पीकरचा वेग मॉड्युलेशन व्हीलवर: कडव्याला हळू, शेवटच्या धृपदाला जलद. जुन्या स्तोत्रांना ऑर्गनसारखं काही नाही.

स्केल बदलण्यासाठी यजमान सॉफ्टवेअरमधलं ट्रान्सपोज वापरता येतं, पण सूर धरलेले असताना ते कधीच बदलू नका. पट्टी दाबताना एक सूर गेला आणि सोडताना दुसऱ्याच सुराचा संदेश गेला, असं झालं की पहिला सूर अडकून बसतो. अडकलेल्या सुरांसाठी पॅनिकचं बटण असतं, ते कीबोर्डवरच्या एखाद्या बटणाला जोडून ठेवा. माझ्या कीबोर्डवर ते डाव्या टोकाला आहे आणि त्यावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावलेला आहे, अंधारात बोटाला कळावं म्हणून.

लेटन्सी

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. सॉफ्टवेअर आवाज तुकड्यातुकड्याने तयार करतं, त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार मोजमापांवर, १२८ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३. यात इंटरफेसचा आणि कीबोर्डचा स्वतःचा वेळ मिळवावा लागतो. एकूण दहा मिलिसेकंदांच्या आत राहिलात तर हाताला जाणवत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद हे साडेतीन मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरइतकं अंतर झालं. मी १२८ वर वाजवते. ६४ वर गेल्याने माझ्या वाजवण्यात काही फरक पडला नाही, उलट भरगच्च कॉर्डला आवाज फाटायला लागला.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (लेटन्सी कमी ठेवणारा) वापरा. मॅकवर कोअर ऑडिओ आधीच असतो. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन लाइव्ह वाजवायला चालत नाहीत, त्यांची लेटन्सी बोटांना सहन होण्यापलीकडची असते. आणि इंटरफेस लॅपटॉपच्या स्वतःच्या यूएसबी पोर्टलाच जोडा, वीज नसलेल्या हबला नको.

आवाज फुटत असेल तर बफर वाढवण्याआधी वायफाय बंद करून बघा. विंडोजवर पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, स्लीप बंद. अपडेट थांबवून ठेवा आणि ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, वाजवून तपासायला वेळ असेल तेव्हाच करा. सूचनांचे आवाज तर पूर्णच बंद, कारण लॅपटॉपचा प्रत्येक ‘टिंग’ सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून येतो.

वायर आणि मिक्सर

लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून घूं किंवा किरकिर येते, काढला की थांबते. हा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा जुळून आवाजात शिरणारी गुणगुण. उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते कधीच करू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. आणि चार्जर काढून बॅटरीवर वाजवण्याचं काय होऊ शकतं, ते मी वर सांगितलंच आहे.

सभागृहाची ध्वनियंत्रणा बहुतेक ठिकाणी मोनो असते, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी नसते. पसरट स्टीरिओ पॅड मोनो केला की डावीकडची आणि उजवीकडची लहर एकमेकींना खाते आणि आवाज पोकळ होतो. घरीच यजमान सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट मोनो करून ऐका. पॅड गायब होत असेल तर त्याचा कोरस आणि रुंदी कमी करा. हे ध्यानात यायला मला तीन वर्षं लागली. तोपर्यंत मी साउंड सांभाळणाऱ्या दादांना दर रविवारी “पॅड वाढवा” म्हणत राहिले, आणि ते बिचारे वाढवत राहिले.

उपासनेआधी तासभर पोहोचते. जोडणीचा क्रम ठरलेला: आधी सगळ्या वायर, मग इंटरफेस, मग लॅपटॉप, मग सॉफ्टवेअर, सर्वांत शेवटी मिक्सरवरचा चॅनेल उघडायचा. चार्जरची पिन बोटाने दाबून बघायची, चार्जिंगचं चिन्ह डोळ्यांनी बघायचं. पॅचमधला प्रत्येक सूर एकदा वाजवायचा, म्हणजे सॅम्पल मेमरीत येतात. आणि कीबोर्डच्या स्वतःच्या आउटपुटमधून एक वेगळी वायर मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला, आवाज बंद ठेवून. लॅपटॉप गेला तर दादा तो चॅनेल उघडतात आणि कीबोर्डचा आतला पियानो सुरू होतो. यासाठी आमची एक खूण ठरलेली आहे, मी डावा हात वर करते. दोन वेळा करावा लागला, दोन्ही वेळा चार-पाच सेकंदांत आवाज परत आला.

रेकॉर्डिंग

पहिलं रेकॉर्डिंग मी मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून घेतलं होतं. ते ऐकून वाईट वाटलं. ड्रम जवळजवळ ऐकूच येत नव्हते, गायकांचे आवाज कोरडे आणि अंगावर येणारे, आणि दोनशे माणसं गात होती त्यांचा मागमूस नाही. कारण सरळ आहे: ड्रम सभागृहात स्वतःच इतके वाजतात की स्पीकरमध्ये त्यांना फारसं चढवावं लागत नाही, आणि लोकांसमोर तर माइकच नसतो. मुख्य आउटपुट सभागृहात जे कमी पडतं तेवढंच पुरवतं. रेकॉर्डिंगला सगळंच लागतं.

म्हणून प्रत्येक चॅनेल वेगळा घ्या. आजचे बरेच डिजिटल मिक्सर यूएसबीच्या एकाच वायरने सगळे चॅनेल लॅपटॉपला देतात. सिग्नल गेननंतर (माइकची सुरुवातीची पातळी) पण फेडरच्या (आवाज वर-खाली करणारी सरकपट्टी) आधीचा निवडा, म्हणजे उपासनेत दादांनी फेडर हलवला तरी रेकॉर्डिंगमध्ये उसळी येत नाही. वाजवण्याचा लॅपटॉप रेकॉर्डिंगला वापरू नका. मी दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालवते. ते हलकं आहे आणि ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. दोन्ही कामं एकाच यंत्रावर टाकली, तर रेकॉर्डिंग अडखळलं की प्रार्थनेखालचा सूरही अडखळतो.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. मिक्सर आणि लॅपटॉप दोन्हीकडे तोच आकडा हवा. ४४.१ ला केलेली फाइल ४८ समजून वाजवली तर सगळं गाणं जवळजवळ दीड सेमीटोन वर चढतं आणि वेगानेही पळतं. पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्याच्या वर आवाज फाटतो). भीती वाटते इतका कमी दिसतो, पण २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते आणि शेवटच्या गीताला लोक सरावापेक्षा नक्कीच जोरात गातात.

जागेचा हिशेब आधी करा. या दर्जाचा एक ट्रॅक तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट घेतो. सोळा ट्रॅक, दीड तास: साडेबारा गिगाबाइटच्या जवळ. साध्या वेव्ह फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असते. सोळाही चॅनेल एकाच फाइलमध्ये लिहिले तर ती अर्ध्या तासातच गाठली जाते. प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल ठेवली की ही अडचण येत नाही.

लोकांच्या गाण्यासाठी दोन माइक लावा, व्यासपीठाच्या दोन्ही कडांना, उंचावर, तोंड लोकांकडे. हे माइक सभागृहाच्या स्पीकरमध्ये अजिबात द्यायचे नाहीत, फक्त रेकॉर्डिंगला. ते लांब असतील तर त्यांच्यात आवाज उशिरा पोहोचतो, दहा मीटरला २९ मिलिसेकंद. म्हणून उपासनेआधी, रेकॉर्डिंग चालू करून, मी मुख्य गायकाच्या माइकपाशी उभी राहून एक टाळी वाजवते. नंतर रीपरमध्ये दोन्हीकडची टाळी मोठी करून बघायची आणि लोकांचे ट्रॅक तेवढे डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, ओढून जुळवायचे. त्यांना १५० हर्ट्झला लो-कट लावा, बोलणं सुरू असताना खाली घ्या, धृपदाला वर. आमच्या मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांना दर आठवड्याला हे रेकॉर्डिंग जातं. त्यांनी सांगितलं होतं, “गायक कमी ऐकू आले तरी चालेल, आपली माणसं ऐकू येऊ देत.” तेव्हापासून मी धृपदाला लोकांचे माइक मला योग्य वाटतं त्याहूनही थोडे वर ठेवते.

माझ्या कीबोर्डचा मिडीही रेकॉर्ड करते, वाजवण्याच्या लॅपटॉपवर, यजमान सॉफ्टवेअरमध्येच. मिडीची फाइल अगदी छोटी असते, वाजवण्याच्या कामात व्यत्यय येत नाही. त्याचा फायदा मोठा: एखादा सूर चुकीचा लागला तर तेवढाच दुरुस्त करता येतो, सभागृहासाठी कोरडा ठेवलेला पियानो रेकॉर्डिंगमध्ये थोड्या घुमाऱ्याने नव्याने वाजवून घेता येतो. मी चुका सुधारते, पण ताल ओळीत बसवत नाही. लोक जिथे श्वासासाठी रेंगाळले तिथे मीही रेंगाळलेली असते, ते तसंच हवं.

मिक्सची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या एकूण आवाजाचं माप) आसपास आणि टोक उणे १ डेसिबल. इंटरनेटवर टाकायचं असेल तर त्याआधी आणखी एक काम आहे. लोक उपासनेत नावं घेऊन प्रार्थना करतात, आजार सांगतात, घरातल्या गोष्टी सांगतात. तो भाग मी कापते, आजींना पाठवायच्या प्रतीतूनही. कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तोच धरलेला षड्ज-पंचम असतो, त्यामुळे दोन सेकंदांच्या क्रॉसफेडने (एक आवाज विरत असताना दुसरा चढवून) सांधा जुळतो.

मग सगळ्या वेव्ह आणि मिडी फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये दोन वेगळ्या डिस्कवर. दोन्हीकडून एकेक फाइल उघडून मधला भाग ऐकते, आणि त्यानंतरच लॅपटॉपवरची प्रत पुसून पुढच्या रविवारसाठी जागा करते.